कान राजुऱ्याचे, संशोधन मुंबई-म्हैसूरचे!

बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेल्या आपल्या वस्तीतील मुलामुलींना पुढे काय करणार असे विचारले, तर उत्तरे ठरलेली असतात. एमबीबीएस, ते न जमल्यास बीएएमएस, इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी आणि काहीच न जमल्यास पोलीस भरती. ऑडिऑलॉजी हा शब्द या यादीत सहसा सापडत नाही. ऑडिऑलॉजी म्हणजे श्रवणशास्त्र. माणसाला किती ऐकू येते, का येत नाही आणि ऐकू यावे म्हणून काय करता येईल, हे सांगणारे शास्त्र. कान-नाक-घसा तज्ज्ञ औषध देतो, शस्त्रक्रिया करतो. श्रवणतज्ज्ञ ऐकण्याचे मोजमाप करतो, श्रवणयंत्र बसवतो, जन्मतः न ऐकणाऱ्या बाळाला ऐकण्या-बोलण्याच्या वाटेवर आणतो. दोघांचे काम वेगळे, पण गरज दोघांचीही सारखीच.

या शास्त्रात अमेरिकेतील काही विद्यापीठे आज एक जोड पदवी देतात. रुग्णसेवेची डॉक्टरेट आणि संशोधनाची डॉक्टरेट, दोन्ही एकाच विद्यार्थ्याने एकाच सलग अभ्यासक्रमात मिळवायच्या. शिक्षण साधारण सहा-सात वर्षांचे. आपल्याकडे ही जोड पदवी रूढ नाही. ती यावी काय, आली तर कोणासाठी यावी आणि तिचा राजुऱ्याशी संबंध काय, हा आजच्या लेखाचा विषय आहे. राजुरा म्हटल्यावर काहींना हसू येईल. जिथे कानात घालायचे साधे यंत्र दुरुस्त करून मिळणे कठीण, तिथे डॉक्टरेटच्या गप्पा कशाला? आमचे म्हणणे नेमके उलट आहे. या जोड पदवीची खरी गरज कोठे असेल, तर ती राजुरा, कोरपना, जिवती अशा तालुक्यांना आहे. मुंबईचे तिच्यावाचून एक वेळ चालेल, राजुऱ्याचे चालणार नाही.

सेवा आणि संशोधनाची फारकत

श्रवणशास्त्र हे दुसऱ्या महायुद्धाचे अपत्य आहे. तोफांच्या आणि विमानांच्या आवाजाने कान गमावून परतलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत लष्करी रुग्णालयांत खास विभाग उघडण्यात आले. अशाच एका रुग्णालयात रेमंड कारहार्ट काम करत होते. ते सैनिकांना तपासत आणि तपासता तपासता नव्या चाचण्याही रचत. पुढे नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात त्यांनी हे शास्त्र शिकवले. म्हणजे हे शास्त्र जन्माला आले तेव्हा रुग्ण पाहणारा आणि संशोधन करणारा हे दोन वेगळे लोक नव्हते.

फारकत नंतर झाली. १९९३ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात 'डॉक्टर ऑफ ऑडिऑलॉजी' म्हणजे एयूडी ही रुग्णसेवेची डॉक्टरेट सुरू झाली. पहिल्या पदवीनंतर साधारण चार वर्षांचे हे शिक्षण. २०१२ पासून तेथील व्यावसायिक संघटनेचे प्रमाणपत्र घ्यायचे तर डॉक्टरेट पातळीचे शिक्षण सक्तीचे झाले. रुग्ण पाहणाऱ्यांचा दर्जा वाढला, ही चांगलीच गोष्ट. पण एयूडी हातात आल्यावर पीएच.डी.कडे वळायचे कोणी? उद्या विद्यापीठात शिकवणार कोण, नवी चाचणी शोधणार कोण, अशी चिंता तिथल्याच प्राध्यापकांनी बोलून दाखवली. त्या चिंतेवरचा एक उपाय म्हणून जोड पदवीकडे पाहिले जाते. वैद्यकशास्त्रात हा प्रयोग त्यांनी फार आधी केला होता. डॉक्टरकी आणि पीएच.डी. एकत्र करणाऱ्या विद्यार्थ्यांना तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्था १९६४ पासून अर्थसाहाय्य देत आली आहे.

आपल्याकडे साठच्या दशकात मुंबईच्या नायर रुग्णालयात या विषयाचे शिक्षण सुरू झाले. १९६५ मध्ये म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था उभी राहिली. १९८३ मध्ये वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आली. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला या व्यवसायाची नोंदणी करण्याचे अधिकार मिळाले. बारावीनंतर बी.ए.एस.एल.पी. ही चार वर्षांची पदवी, त्यातील शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. मग दोन वर्षांची एम.एस्सी., मग पीएच.डी. पदवी घेऊन परिषदेकडे नोंदणी केली की रुग्ण तपासता येतो. ही शिडी सरळ दिसते, पण ती वर चढता चढता रुग्णापासून दूर जाते. पीएच.डी. करणारा मोठ्या शहरातील संस्थेत बसतो. जिल्हा रुग्णालयातील श्रवणतज्ज्ञ बहुधा कंत्राटी मानधनावर असतो, त्याच्यासमोर रांग असते आणि त्याने वर्षभर पाहिलेल्या कानांवरून काय दिसले, हे त्याला कोणी विचारत नाही. ज्याला प्रश्न दिसतात त्याच्याकडे संशोधनाची साधने नाहीत. ज्याच्याकडे साधने आहेत त्याला हे प्रश्न दिसत नाहीत.

वांद्र्याच्या संस्थेच्या नावातही एक योगायोग दडला आहे. नवाब अली यावर जंग हे हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू, नंतर महाराष्ट्राचे राज्यपाल. १९७६ मध्ये त्या पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. राजुरा तालुकाही १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, आदिलाबाद जिल्ह्यात. राज्य पुनर्रचनेत तो मराठी मुलुखात आला. हैदराबादचा माणूस आणि हैदराबादचा तालुका, दोघेही महाराष्ट्राचे झाले. त्या माणसाच्या नावाने मुंबईत संस्था उभी राहिली. तालुका मात्र वर्धा नदीच्या पलीकडे, होता तिथेच राहिला!

खाणीचा कान

आता राजुऱ्याच्या प्रश्नांकडे येऊ. पहिला प्रश्न आवाजाचा. राजुरा तालुक्यात सास्ती, गोवरी, पोवनी येथे वेकोलिच्या उघड्या कोळसा खाणी आहेत. शेजारच्या कोरपना तालुक्यात गडचांदूर, आवारपूर, उपरवाही येथे सिमेंटचे कारखाने आणि त्यांच्या चुनखडीच्या खाणी आहेत. ड्रिल, डंपर, क्रशर आणि सुरुंग हे इथल्या हजारो घरांच्या भाकरीचे आवाज आहेत.

मोठ्या आवाजाने कान एका दिवसात जात नाही, तो वर्षावर्षाने झिजतो. आतील कानात केसांसारख्या नाजूक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. ही झीज बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या वरच्या पट्टीपासून सुरू होते. स, श, फ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीतली. म्हणून असा कामगार म्हणतो, 'आवाज येतो, पण बोलणं समजत नाही.' घरात टीव्हीचा आवाज वाढत जातो, बायको पुटपुटते असे त्याला वाटते, सभेत तो मागे बसून नुसती मान हलवतो. आपण बहिरे होत आहोत, हे त्याला स्वतःला कळतच नाही. कळते तेव्हा परत मिळवण्यासारखे काही उरलेले नसते.

खाण सुरक्षा महासंचालनालयाने १९७५ मध्येच परिपत्रक काढून आठ तासांच्या पाळीसाठी ८५ डेसिबल ही इशाऱ्याची आणि ९० डेसिबल ही धोक्याची पातळी ठरवून दिली. आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा व्यवसायजन्य आजार म्हणून जुन्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत होता आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या यादीतही आहे. म्हणजे कागदावर हक्क आहे. पण हक्क मागायला पुरावा लागतो. कामावर लागला तेव्हा किती ऐकू येत होते? दहा वर्षांनी किती? त्यातले वयाने किती गेले, कानाच्या जुन्या दुखण्याने किती आणि खाणीच्या आवाजाने किती? कायम कामगाराची ठरावीक मुदतीने तपासणी तरी होते. ठेकेदाराचा कामगार आज या खाणीत, उद्या त्या कारखान्यात, परवा गावी. त्याच्या कानाची सलग नोंद कोण ठेवणार? ती ठेवायला रोज रुग्ण पाहणारा हात हवा. तिच्यातून न्यायालयात टिकेल असा निष्कर्ष काढायला संशोधनात मुरलेले डोके हवे. हात आणि डोके वेगवेगळ्या गावी राहिले तर कामगाराच्या हाती काही पडत नाही.

व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर मंत्री असताना बाबासाहेब डिसेंबर १९४३ मध्ये झरियाच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. मजूर कसा काम करतो, कसा राहतो हे त्यांनी पाहिले. त्यानंतर लगेच १९४४ मध्ये कोळसा खाण मजुरांच्या कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. आधी खाणीत उतरायचे, मग कागदावर लिहायचे, हा तो क्रम. सेवा आणि संशोधन यांची जोड म्हणजे याहून वेगळे काय असते?

सिकलसेल, कोलामी आणि पाळण्यातले बाळ

दुसरा प्रश्न रक्ताचा. सिकलसेल हा शब्द विदर्भातील बौद्ध आणि आदिवासी घरांना समजावून सांगावा लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ज्या २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली, त्यात सिकलसेल आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियानही सुरू केले. रक्त तपासले जाते, कार्ड दिले जाते. पण कान? आतील कानाला रक्त पोचवणारी रोहिणी एकटी असते, तिला पर्यायी वाट नसते. विळ्याच्या आकाराच्या पेशी तिथल्या बारीक वाहिन्यांत अडकल्या, तर ऐकण्याच्या पेशी उपाशी पडतात. सिकलसेलच्या रुग्णांत श्रवणदोषाचे प्रमाण जास्त असते, असे निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत दिसले आहे. मात्र भारतात प्रामुख्याने आढळणारा सिकलसेलचा जनुकीय प्रकार आफ्रिकेतील प्रकारांहून वेगळा आहे. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन आपल्या रुग्णांत अधिक टिकून राहते, म्हणून आजार तुलनेने सौम्य धरला जातो. मग कानावरचा परिणामही सौम्य आहे काय? हाता-पायाच्या वेदनेने रडणारे मूल वर्गात मागे पडते, ते केवळ गैरहजेरीमुळे की त्याला बाईंचे बोलणे नीट ऐकू येत नाही म्हणूनही? याचे उत्तर आफ्रिकेतले आकडे देणार नाहीत. ते चंद्रपूर-गडचिरोलीतील कान तपासूनच मिळेल.

तिसरा प्रश्न भाषेचा, आणि तो सर्वात दुर्लक्षित आहे. ऐकण्याची तपासणी नुसत्या 'टूं टूं' आवाजावर संपत नाही. ओळखीचे शब्द हळूहळू बारीक आवाजात ऐकवायचे आणि रुग्णाने ते परत म्हणायचे, अशीही चाचणी असते. श्रवणयंत्राचा उपयोग होतो की नाही, ते याच चाचणीवरून कळते. त्यासाठी त्या त्या भाषेत शब्दांच्या याद्या लागतात. त्या भाषेतील सगळे ध्वनी त्यात योग्य प्रमाणात यावे लागतात आणि सर्व शब्द सारखेच सोपे असावे लागतात. राजुऱ्याच्या बाजारात मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगू, बंजारा अशा भाषा कानावर पडतात. यातल्या गोंडी, कोलामी आणि तेलुगू या द्रविड कुळातल्या, त्यांची ध्वनिव्यवस्था मराठीहून वेगळी. जिवतीच्या पहाडावरील कोलामगुड्यातून आलेल्या आजीला मराठी यादी ऐकवली आणि तिने दहातले सहा शब्द चुकवले, तर तिचा कान अधू समजायचा की यादी परकी समजायची? कोलामी शब्दांची यादी समोर ठेवून बसलेला तपासनीस तालुक्याच्या गावी कोणी पाहिला आहे काय?

कोलाम ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक. तिच्या भाषेचा अभ्यास एमेनो नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने अमेरिकेतून येऊन केला आणि १९५५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. परक्या देशातील विद्वानाला कोलामीचे व्याकरण लिहावेसे वाटले. आपल्या राज्यातील आरोग्य यंत्रणेला त्याच भाषेत कान तपासावासा वाटू नये, ही कशाची खूण म्हणायची? आणि ही यादी करायला भाषा जाणणारा एक, कान जाणणारा दुसरा, आकडेमोड जाणणारा तिसरा अशी समिती नेमायचीच गरज नाही. कोलामी बोलणारी एक मुलगी श्रवणतज्ज्ञही झाली आणि संशोधकही झाली, तर ते काम ती करील. जोड पदवी हवी ती अशा मुलीसाठी.

यात पाळण्यातले बाळही आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या बाळाची पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाययोजना, असा जगभर मानलेला दंडक आहे. कारण मेंदूचा भाषा शिकण्याचा काळ कोणासाठी थांबत नाही. बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये आला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघरला सुरू झाला. आतील कानात यंत्र बसवण्याच्या महागड्या शस्त्रक्रियेसाठी केंद्राची योजनाही आहे. पण शस्त्रक्रियेनंतर कित्येक वर्षे यंत्राची जुळवणी करावी लागते, मुलाला ऐकायला शिकवावे लागते. पहाडावरून आलेल्या आईने दर आठवड्याला मजुरी बुडवून कोणत्या शहराला जायचे? तिच्या घरच्या भाषेत, तिच्या गुड्यात हे शिक्षण कसे पोचवायचे? तयार उत्तर कोणत्याच पुस्तकात नाही. ते इथे राहून, करून पाहून आणि मोजून शोधावे लागेल.

गडचिरोलीने दाखवलेली वाट

जंगलात कसले संशोधन, असे म्हणणाऱ्यांना गडचिरोलीनेच उत्तर दिले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत येऊन काम सुरू केले. दोन खेड्यांतील स्त्रियांची तपासणी करून त्यांनी स्त्रियांच्या लपलेल्या आजारांवरचा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध केला. १९९९ मध्ये गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू घरच्या घरी कसे कमी करता येतात, हे त्यांनी त्याच नियतकालिकात आकड्यांनिशी मांडले. पुढे आशा कार्यकर्तीने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा देशव्यापी कार्यक्रम आला, त्यामागे हे काम होते. तिथे रुग्ण पाहणारा आणि आकडे मांडणारा माणूस एकच होता, म्हणून खेड्यातला प्रश्न दिल्लीच्या टेबलावर जाऊ शकला. बाळाच्या श्वासासाठी जे झाले ते बाळाच्या कानासाठी का होऊ नये?

शिष्यवृत्तीची मुदत हीच खरी परीक्षा

आता पैशाकडे वळू, कारण आपल्या समाजातील मुलांची स्वप्ने तिथेच अडतात. पदवीची चार वर्षे, एम.एस्सी.ची दोन, पीएच.डी.ची तीन ते सहा. अठराव्या वर्षी निघालेला विद्यार्थी तिशीला पोचतो. ज्याच्या घरी दोन पगार येतात त्याला हे परवडते. ठेकेदारी कामगाराची मुलगी बाविसाव्या वर्षी घराला चार पैसे द्यायला लागली पाहिजे, असे गणित असते.

अशा मुलीला सरकारच्या योजना आहेत ना, असे कोणी म्हणेल. आहेत, पण त्या या वाटेच्या मापाने शिवलेल्या नाहीत. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची, तिच्यात पीएच.डी.साठी मुदत चार वर्षांची. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासूनची, अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांसाठी. दोन्ही योजना एक तर पदव्युत्तर पदवी, नाही तर पीएच.डी., असा विचार करून आखलेल्या आहेत. सहा-सात वर्षांची जोड पदवी या चौकटीत बसवायची कशी? मधल्या वर्षांचा खर्च कोणी करायचा? देशातच पीएच.डी. करायची म्हटले तर अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती नेट-जेआरएफशी जोडली गेली आहे. २०२३ पासून जेआरएफची रक्कम महिना ३७ हजार रुपये झाली, हे चांगलेच. पण नेटच्या विषययादीत भाषाशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे, ऑडिऑलॉजी नाही. सहा वर्षे कानाचा अभ्यास केलेल्या मुलीने अधिछात्रवृत्तीसाठी दुसऱ्याच विषयाची परीक्षा द्यायची! बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी आपल्या संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानावर बसावे लागले, हा इतिहासही ताजाच आहे.

व्यवसायाची पदवी आणि संशोधनाची पदवी एकाच वेळी घेणे म्हणजे काय, हे आपल्याला अमेरिकेकडून शिकायची गरज नाही. १९२० ते १९२३ या काळात लंडनमध्ये बाबासाहेब ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राच्या संशोधनाचा असे दोन अभ्यास बरोबरीने करत होते. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी.एस्सी. बॅरिस्टरी हा व्यवसायाचा परवाना, डी.एस्सी. ही संशोधनाची सनद. एकीच्या बळावर त्यांनी गरिबांचे खटले लढवले, दुसरीच्या बळावर राज्यकर्त्यांसमोर रुपयाच्या प्रश्नाची मांडणी केली. पण त्याच्या आधीचे पान विसरू नये. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा सोडून परतावे लागले होते. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, तेव्हा ते पुन्हा जाऊ शकले. बुद्धी तीच, माणूस तोच, मध्ये तीन वर्षांची भिंत उभी राहिली ती शिष्यवृत्तीच्या मुदतीची. शंभर वर्षांनंतरही आपल्या मुलांसमोर भिंत तीच असेल, तर आपण शिकलो काय?

नक्कल नको

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. जोड पदवीच्या नावाखाली अमेरिकेची नक्कल करून रुग्ण तपासण्याच्या परवान्यासाठीच डॉक्टरेट सक्तीची करा, अशी मागणी पुढे आली तर तिला कडाडून विरोध केला पाहिजे. नावाआधी 'डॉक्टर' लागावे, ही इच्छा समजण्यासारखी आहे. परंतु आज बी.ए.एस.एल.पी. होऊन बाविसाव्या वर्षी नोकरीला लागता येते, हीच आपल्या मुलामुलींसाठी या व्यवसायाची उघडी खिडकी आहे. परवान्याची पायरी चार वर्षांनी उंच केली की ती खिडकी बंद होईल, आणि खेड्यात जायला तयार असणारे थोडे लोकही उरणार नाहीत. परवाना पदवीवरच राहावा. जोड डॉक्टरेट ही ज्याला पुढे जायचे त्याच्यासाठी, पूर्ण पगारी आणि मोजक्या जागांची असावी.

नोकरी करता करता अर्धवेळ पीएच.डी. करावी, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत तशी सोय आहे, मग वेगळ्या पदवीचा अट्टहास कशाला, असा प्रश्न विचारला जाईल. सोय आहे, पण तिला नोकरीच्या ठिकाणचे ना-हरकत पत्र लागते आणि अभ्यासाला वेळ मिळेल अशी हमी लागते. मुदतीच्या कंत्राटावर काम करणाऱ्याला ती हमी कोण देणार? शिवाय अर्धवेळ पीएच.डी.त रुग्णसेवा एकीकडे आणि प्रबंध दुसरीकडे, असेच बहुधा होते. जोड पदवीचा अर्थ असा की रुग्णसेवेतूनच प्रबंध निघाला पाहिजे आणि प्रबंधाने रुग्णसेवा बदलली पाहिजे.

मग करायचे काय? पुनर्वास परिषद आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांनी मिळून एम.एस्सी.ला जोडून सलग अशी जोड डॉक्टरेट आखावी. तिचा निम्मा काळ जिल्ह्यात काढण्याची अट घालावी. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. गडचिरोलीला २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. गोंडी-कोलामीच्या याद्यांचे काम त्याच्या आवारात नाही तर कोठे व्हायचे? वांद्र्याच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र सिकंदराबादला आहे आणि बल्लारशाहहून सिकंदराबादला थेट रेल्वेमार्ग आहे. मार्गदर्शक तेथून येऊ शकतात, विद्यार्थी तेथे जाऊ शकतात. राजुरा, गडचांदूर, जिवतीच्या सरकारी दवाखान्यांत या विद्यार्थ्यांनी रुग्ण पाहावेत.

पैसा नाही, हे उत्तर चंद्रपूरने ऐकून घेऊ नये. २०१५ च्या खाण कायदा दुरुस्तीने खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. खाणीने बाधित झालेल्या भागासाठीच तो निधी आहे आणि आरोग्य, शिक्षण, अपंग कल्याण हे त्याच्या प्राधान्याच्या यादीत आहेत. खाणीच्या आवाजाने गेलेल्या कानाइतका खाणबाधित अवयव दुसरा कोणता? या निधीतून आवाजरहित तपासणी कक्ष उभारता येतील, प्रत्येक कामगाराच्या हाती, मग तो कायम असो की ठेकेदाराचा, त्याच्या कानाची नोंदवही देता येईल. शिष्यवृत्तीच्या योजनांत जोड पदवीची पूर्ण मुदत मान्य करावी, नेटच्या यादीत विषय घालावा आणि जागांत अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण पाळावे. त्याबरोबर २०१६ च्या कायद्याने उच्च शिक्षणात दिव्यांगांना दिलेले पाच टक्के आरक्षणही पाळावे. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही, त्याने या शास्त्राला जे प्रश्न विचारावेत ते ऐकू येणाऱ्याला सुचणार नाहीत.

आणि आपल्या विद्यार्थ्यांना एक सांगणे. जोड पदवी येईल तेव्हा येईल. बारावी विज्ञान झालेल्यांनी बी.ए.एस.एल.पी.चा विचार आजच करावा. प्रवेश घेताना संस्थेला पुनर्वास परिषदेची मान्यता आहे की नाही, हे आधी पाहावे. परदेशी विद्यापीठाच्या पत्रावर भुलू नये. रुग्णसेवेच्या डॉक्टरेटचा खर्च तिकडे बहुधा विद्यार्थ्यालाच करावा लागतो आणि पीएच.डी.ला अर्थसाहाय्य मिळू शकते, हा फरक समजून घ्यावा. शिष्यवृत्ती किती वर्षांची आणि पदवी किती वर्षांची, हा हिशेब विमानात बसण्यापूर्वी करावा.

आपल्या आमदार-खासदारांनी रस्ते, पूल, सभागृहे यांच्या पुढे जाऊन हा प्रश्न उचलला पाहिजे. ज्या तालुक्याने कोळसा आणि सिमेंट देऊन शहरे उभी केली, त्या तालुक्याच्या कानांचा हिशेब मांडायला दहा-वीस संशोधक मागणे ही काही फार मोठी मागणी नाही. संशोधन खाणीच्या तोंडाशी आणि पहाडाच्या पायथ्याशी आले पाहिजे, आणि ते करणारी मुले त्याच वस्त्यांतून आली पाहिजेत. तोपर्यंत राजुऱ्याचा माणूस 'आवाज येतो, पण समजत नाही' म्हणत राहील, आणि मुंबई-म्हैसूरला तर त्याचा आवाजही जाणार नाही.